मांडवातली फुलं: कोकणातल्या लग्नासाठी, तिथी ठरल्यापासून आवराआवरीपर्यंत

लग्न ठरलं की मुलगी मोबाइल पुढे करते. फोटोत पांढरेशुभ्र गुलाब, छतावरून लोंबणाऱ्या वेली, मागे निळा समुद्र. "ताई, अस्संच हवं." मी फोटो नीट बघते, कारण तिच्या मनात काय आहे ते त्यातून कळतं. मग दोनच प्रश्न विचारते: तारीख कोणती आणि मुहूर्त किती वाजताचा? वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात गेली काही वर्षं मी लग्नांची फुलं करते आहे. फोटोपासून सुरू केलेलं काम इथे फसतं आणि तारखेपासून सुरू केलेलं तडीस जातं, एवढं या कामाने मला शिकवलं. आपल्या दमट, खाऱ्या हवेत त्या दिवशी, त्या वेळी जे फूल ताठ उभं राहील तेच आपल्या मांडवाचं फूल.

तिथीला काय फुलतं ते आधी बघा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा फुलांसाठी सगळ्यात सोपा काळ. झेंडू टपोरा मिळतो, शेवंती भरपूर असते, निशिगंध दोन दिवस मान टाकत नाही. या दिवसांतलं लग्न असेल तर बाहेरून महागडी फुलं मागवायचं काहीच कारण नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी येते. आरवली, शिरोडा, रेडी या भागात पहाटेच माणसं झाडावर चढून कळ्या काढतात, कारण ऊन चढलं की कळी उमलते आणि मग ती वळेसरात, म्हणजे केसांत माळायच्या गजऱ्यात, नीट बसत नाही. पांढऱ्या पाकळ्यांमध्ये पिवळ्या केसरांचा गुच्छ असलेलं हे फूल आपल्या किनाऱ्याचं वैभव आहे. या महिन्यांत लग्न असेल आणि नवरीच्या केसांत सुरंगी नसेल, तर मला खरोखर हळहळ वाटते. मात्र मागणी आधीच सांगून ठेवावी लागते. आदल्या दिवशी फोन करून सुरंगी मिळत नाही.

एप्रिल-मे म्हणजे चाकरमानी घरी आलेले, म्हणून सगळ्यात जास्त लग्नं याच दिवसांत. आणि फुलांना सगळ्यात कठीण काळही हाच. झेंडू बारीक आणि महाग होतो, गुलाब दुपारपर्यंत कोमेजतो. पण याच दिवसांत मोगरा ऐन बहरात असतो, देवळाच्या आवारातला देवचाफा पानं गाळून नुसत्या फुलांनी भरतो, बोगनवेल कुंपणावरून ओसंडत असते, बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात, आणि अबोली तर जवळजवळ बारमाही. मेच्या लग्नाचा विचार या पाचांपासून करा. केवडा हवा म्हणून कुणी हट्ट धरला तर समजावून सांगा, तो पावसाळ्यातला. मेअखेरची किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख असेल तर वर पक्कं छप्पर हवंच. दक्षिण कोकणात पाऊस साधारण त्याच सुमारास येऊन थडकतो आणि वळवाच्या सरी त्याच्याही आधी येतात.

फूल पाण्याशिवाय किती तास जगतं?

रंग ठरवायच्या आधी हे ठरवा. मी फुलांचे तीन गट करते.

झेंडू, शेवंती, अबोली आणि बकुळ पाण्याशिवाय दिवस काढतात. तोरणं, माळा, छतावरचे पडदे यांतूनच करायचे. अबोलीला वास नाही, पण दुसऱ्या दिवशीही ती तशीच टवटवीत दिसते. बकुळ, म्हणजे आपली ओवळं, सुकली तरी तिचा वास जात नाही. त्यामुळे बकुळीच्या माळा चार दिवस आधी ओवून ठेवल्या तरी चालतात. घाईच्या कामात हा मोठाच आधार असतो.

गुलाब, जरबेरा, कार्नेशन आणि बोगनवेलीच्या फांद्या देठ पाण्यात असेपर्यंतच चांगल्या. त्या कमानीवर नुसत्या तारेने बांधल्या तर तासा-दोन तासांत माना टाकतात. जिथे पाणी देता येईल तिथेच त्या लावायच्या.

मोगरा, सोनचाफा, जास्वंद ही काही तासांची फुलं. ती अंगावर, केसांत, पूजेच्या ताटात शोभतात. छताला नकोत.

ऑर्किड आणि अँथुरियम बाहेरून येतात आणि बऱ्यापैकी टिकतात. हेलिकोनिया तर आता नारळ-पोफळीच्या बागांत सावलीला आंतरपीक म्हणून लावलेला दिसतो. जवळच्या बागायतदाराकडे चौकशी करा. लालभडक, वजनदार, आठवडाभर टिकणारं हे फूल घाट उतरून आणायची गरज नसते.

शंका असेल तर एक परीक्षा घ्या. लग्नाच्या पंधरवडाभर आधी ठरवलेल्या फुलांतलं एकेक फूल मांडवाच्या जागी मुहूर्ताच्या वेळेला दोऱ्याला बांधून टांगा आणि तीन तासांनी जाऊन बघा. दहा फोटोंतून कळणार नाही ते त्या एका फुलातून कळतं.

जागा बघायला मुहूर्ताच्या वेळीच जा

सकाळी दहाचा मुहूर्त असेल तर सकाळी दहालाच त्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहा. ऊन कुठून येतं, नवरा-नवरीच्या डोळ्यांवर पडतं का, माडांची सावली कुठवर सरकते, हे कागदावर काढून ठेवा. गोरज मुहूर्ताला सूर्य पश्चिमेला खाली आलेला असतो. बोहल्याची पाठ पश्चिमेला केली तर पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन आणि फोटोत नवरा-नवरी काळे.

वारा याहून महत्त्वाचा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि ऊन तापलं की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. सकाळी आठला शांत असलेल्या जागेवर दुपारी बाराला कापडी पडदा शिडासारखा फुगतो आणि चौकटीसकट आडवा होतो. किनाऱ्यालगतच्या मांडवात म्हणूनच मागे सलग कापड लावू नका. वारा आरपार जाईल अशी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं किंवा सुट्या माळांचा पडदा लावा. बोहलं घराच्या, माडांच्या किंवा सुरूच्या झाडांच्या आडोशाला घ्या.

अगदी वाळूवर लग्न करायचं असेल तर ग्रामपंचायत, मेरीटाईम बोर्ड आणि पोलीस ठाण्याकडे परवानगीची चौकशी महिना-दोन महिने आधी करा. किनारपट्टीच्या नियमांमुळे वाळूत पक्कं काही उभारता येत नाही. आणि एक विनंती. वेळास, आंजर्ले, वायंगणी यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात. बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्राऐवजी मांडवाच्या दिव्यांकडे वळतात आणि मरतात. अशा किनाऱ्यांवर रात्रीचे झगझगीत दिवे नकोतच.

किती फुलं लागतील ते कसं काढायचं

अंदाजाने सांगितलेला आकडा नेहमी चुकतो. त्यापेक्षा हे करा. ज्या झेंडूची माळ करायची आहे तोच पावकिलो आणून एक हात लांब माळ ओवा आणि तिचं वजन करा. सुतळीने दरवाजे, खांब, कमान मोजा, झोळासाठी दीडपट धरा आणि गुणाकार करा. शेकडा दहा-पंधरा जास्त मागवा, कारण पोत्याच्या तळाची फुलं दबलेली निघतात. गुलाब वीसच्या आणि जरबेरा दहाच्या गड्डीत येतो. मागणी देताना गड्ड्यांचा आकडा, रंग आणि कळी किती उमललेली हवी हे तिन्ही लिहून द्या. सिंधुदुर्गात बराचसा माल बेळगावहून आंबोली घाटाने किंवा कोल्हापूरहून येतो. रायगडवाल्यांना दादरचा बाजार जवळ. प्रवास रात्रीचाच ठेवा.

हे झाल्यावर स्वतःच्या वाडीत फेरी मारा. केळीचे खांब, आंब्याचे टाळे, माडाची चुडतं, पोफळीची शिंपुटं, कर्दळीची आणि हळदीची पानं, क्रोटनच्या फांद्या. निम्मा मांडव इथेच उभा असतो. शेजाऱ्यांकडून काही घ्यायचं तर आधी विचारून घ्या. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, चिरली की आतून हस्तिदंतासारखे तुरे निघतात, बोहल्याच्या दोन बाजूंना त्याहून देखणं काही नाही. पण एक पोय काढली म्हणजे नारळांचा एक घड गेला. मालकाला हे सांगून, त्याच्या खुशीनेच काढा.

आदल्या रात्रीची राखण

हे मी स्वतः चुकून शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवातीच्या दिवसांतलं मे महिन्यातलं एक लग्न. ऑर्किड आणि कार्नेशनच्या गड्ड्या संध्याकाळी आल्या. घरात सगळ्यात थंड, अंधारी अशी कोपऱ्यातली खोली होती, मी बादल्या तिथेच ठेवल्या. त्याच खोलीत गवतात हापूसची अढी घातलेली होती. वास छान येत होता, मनात काही आलंच नाही. पहाटे चारला दार उघडलं तर कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटून गेलेल्या, झोपल्यासारख्या. ऑर्किडची कितीतरी फुलं दांडीवरून गळून बादलीभोवती पडलेली. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. तो जसा फळ पिकवतो तसाच फुलाला म्हातारं करतो. केळीचा पिकता घडही हेच करतो. त्या पहाटे यजमानांच्या काकीने मला हाताला धरून देवळात नेलं, पुजाऱ्यांना विचारून आम्ही चार टोपल्या देवचाफा वेचला आणि बोहलं त्यावर निभावलं. काकी एवढंच म्हणाली, "फुलांका सावली होयी, वारो नको, नि आंबो तर नकोच नको."

तेव्हापासूनचा माझा क्रम असा. बादल्या आदल्या दिवशी ब्लीच घालून घासायच्या आणि स्वच्छ धुवायच्या. फुलं आली की पाण्यात बुडणारी पानं काढायची आणि धारदार सुरीने देठ तिरका कापून लगेच पाण्यात टाकायचा. कात्रीने देठ चेपला तर पाणी वर चढत नाही. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस पुरतो. जरबेऱ्याला दोन-तीन इंचच पाणी द्यायचं, त्याचा मऊ, लवदार देठ खोल पाण्यात कुजतो. निदान तीन-चार तास फुलांना पाणी पिऊ द्यायचं. पंखा त्यांच्यावर सोडायचा नाही.

ऑर्किड, अँथुरियम आणि हेलिकोनिया फ्रिजमध्ये ठेवू नका. ती उष्ण हवेची फुलं, गारठ्याने काळी पडतात. मोगऱ्याचं उलट. संध्याकाळी उमलायच्या कळ्या सकाळच्या मुहूर्तासाठी रोखून धरायच्या तर पहाटे खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवाव्या लागतात. बर्फ कळीला थेट लागू द्यायचा नाही. झेंडूचं पोतं तसंच बांधून ठेवलं तर आत ऊब धरते आणि सकाळी मधली फुलं काळी निघतात. रात्रीच पोतं सोडून ओलसर गोणपाटावर फुलं पसरा. वरून पाणी शिंपडू नका.

बोहलं उभं करताना

इथे सगळ्यांची नजर लागलेली असते, म्हणून फुलांचा निम्मा खर्च मी इथेच करते आणि बाकी मांडव पानांवर सोडते.

बांबूची चौकट आदल्या दिवशी दुपारी उभी करा. पाय जमिनीत दीड-दोन फूट गाडा किंवा चिरे लावून आवळा. मागे झापांचा एक थर सुंभाने बांधा. सुंभ ओला करून बांधला की सुकताना आवळला जातो. झापं ताजी हिरवी असतील तर उत्तमच, सुकलेली तपकिरी झापंही पांढऱ्या फुलांमागे फार सुंदर दिसतात.

आता फुलं खोचायची कशात? बाजारात मिळणारा हिरवा फोम प्लास्टिकचाच प्रकार, तो कुजत नाही आणि वाडीत त्याचे कण वर्षानुवर्षं सापडत राहतात. सजावटीच्या थर्माकोलवर तर 2018 पासून राज्यात बंदीच आहे. आपल्याकडे या दोन्हींपेक्षा सरस वस्तू आहे: केळीचा बुंधा. घड काढून झालेली केळ तोडा आणि बुंध्याचे दोन-अडीच फुटांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची खालची बाजू कोयत्याने सपाट तासा, म्हणजे तो आडवा बसेल. बुंधा पाण्याने गच्च भरलेला असतो. माडाच्या हिराने, म्हणजे पातीच्या मधल्या काडीने, भोक पाडायचं आणि तिरका कापलेला देठ दोन बोटं आत सारायचा. गुलाब यात दुपार आरामात काढतो. एकच काळजी घ्यायची, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. कापलेली तोंडं पानाने गुंडाळा आणि शालू-शेल्यापासून दूर ठेवा.

हे तुकडे बोहल्याच्या पायथ्याशी ओळीने आणि दोन खांबांच्या निम्म्या उंचीवर बांधा. आधी पानं खोचा, मग मोठी फुलं, शेवटी बारीक. सगळीकडे सारखी फुलं पेरू नका. एका कोपऱ्यात दाट आणि पुढे विरळ होत गेलेली रचना डोळ्याला गोड लागते. देवचाफ्याचा देठ फारच आखूड, म्हणून तो हिरात ओवायचा. एका हिरावर सात-आठ फुलं, टोकाला कळी. चीक निथळेपर्यंत फुलं आधी पाण्यात सोडून ठेवा. असे चाळीस-पन्नास हीर बुंध्यात खोचले की पांढरा-पिवळा तुरा तयार होतो आणि त्याला बाजारातलं एक फूलही लागत नाही.

रंगाचं म्हणाल तर मागची भिंत बघा. चिऱ्याच्या तांबूस भिंतीपुढे केशरी झेंडू हरवून जातो, तिथे पांढरा आणि पिवळा खुलतो. पांढऱ्या कापडापुढे निशिगंध लावला तर दिसतच नाही, तिथे अबोली, लाल गुलाब, हेलिकोनिया घ्या. हिरव्या झापांपुढे सगळंच चालतं.

मुंडावळ्या, हार आणि वळेसर

मोत्याच्या मुंडावळ्या सगळीकडे दिसतात. फुलांच्या करायच्या असतील तर दुहेरी सुती दोऱ्यात सारख्या आकाराच्या मोगऱ्याच्या कळ्या ओवा, दर पाच कळ्यांनंतर एक अबोली. कपाळपट्टी डोक्याच्या मापाने आणि बाजूच्या सरी छातीपर्यंत, त्याहून लांब नकोत, होमाच्या वेळी वाकताना त्या पुढे येतात. देवचाफा इथे अजिबात वापरू नका, त्याचा चीक डोळ्यांजवळ नको. मुंडावळ्यांचा एक जोड जास्तीचा करून ओल्या फडक्यात ठेवा.

हार जड करण्याची चढाओढ लागलेली असते. मेच्या उकाड्यात दोन किलोचा हार गळ्यात घालून तासभर उभं राहणं हा छळ आहे. कमरेच्या थोडा वर येणारा, मोगरा-अबोलीचा किंवा निशिगंधाचा हलका हार करा.

वळेसर मात्र घरच्या बायकांकडूनच करून घ्या. केळीच्या सोपटाचे, म्हणजे बुंध्याच्या सालीचे, बारीक दोरे काढून ते पाण्यात भिजत घालतात. माझी आई मांडी घालून बसायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. चार अबोल्या बोटांत धरायची, दोन एका अंगाला, दोन दुसऱ्या, दोरा एकदा भोवती, एकदा आतून, आणि गाठ पडायची ती फुलाच्या देठाला न चिरडता. ओलं सोपट फुलाला गार ठेवतं, नायलॉनचा दोरा देठ कापतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पडवीत दहा-बारा जणी अशा बसल्या की शंभर वळेसर जेवायच्या आधी होतात. पाहुण्या बायकांच्या हातात दारातच एकेक वळेसर द्या, स्वागताला आणखी काही लागत नाही.

मुहूर्तमेढ, देवक, गौरीहर यांची पानं-फुलं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच. ज्याची जी रीत असेल तीच. सजावटवाल्याने त्यात स्वतःचं डोकं चालवू नये.

मुहूर्ताच्या सकाळी

पहाटे चारला सुरुवात करा. आधी केळीचे खांब आणि आंब्याच्या पानांची तोरणं, मग झेंडूच्या माळा, मग बोहल्याची पाण्यातली फुलं, आणि मोगरा-सोनचाफा अगदी शेवटी, मुहूर्ताच्या तासभर आधी. सोनचाफ्याला बोटं कमीत कमी लावा, जिथे हात लागतो तिथे पाकळी तपकिरी होते. हॅलोजन फुलांपासून लांब ठेवा, जवळ दिवे हवेच असतील तर एलईडी.

अक्षतांत पाकळ्या मिसळायच्या असतील तर सुटसुटीत, कोरड्या शेवंतीच्या घ्या. ओल्या गुलाबपाकळ्या फरशीवर पडल्या की घसरायला होतं, आणि होमाभोवती सप्तपदी चालणाऱ्यांच्या पायांखाली त्या नकोत. मुहूर्त झाला की एका माणसाने तेवढी जागा झाडून घ्यावी. हे काम कुणाचं ते आधीच ठरवून ठेवा. पंगतीत पानांशेजारी वासाची फुलं ठेवू नका, अन्नाच्या वासात ती मिसळली की जेवण बेचव लागतं. पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या द्रोणात, चार कर्दळीची पानं आणि एक जास्वंद एवढं मधोमध पुरे.

वरात निघाली की माळा काढायला लागा, सकाळवर टाकू नका. तार आणि दोरे वेगळे करा, नाहीतर गुरांच्या पोटात जातात. झेंडू-शेवंती खताच्या खड्ड्यात. बकुळीच्या माळा नवरीच्या पेटीत, साड्यांच्या घड्यांमध्ये. आणि केळीच्या बुंध्याचे तुकडे उभे चिरून माडांच्या आळ्यांत पसरून द्या. मे महिन्यात पाऊस पडेपर्यंत ते मुळाशी ओल धरून ठेवतात.